पुंगळीचा खांदा आणि माझी बोटं

संपादकांचा फोन आला तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते. म्हणाले, "एस्तेरबाई, एकतीस वर्षं कारखान्यात काढलीत. दिवाळी अंकासाठी त्यातलं काहीतरी खुसखुशीत लिहा." मी म्हटलं, अहो, एकतीस वर्षं मी लोकांना 'हा माल चालणार नाही' एवढं एकच वाक्य ऐकवलं. त्यात खुसखुशीत कुठून आणू? ज्यांना ऐकवलं ते अजून मला शिव्या देत असतील.

तेव्हा नोकरीचं पुराण राहू द्या. मी सांगणार आहे ते निवृत्तीनंतर धरलेल्या कामाबद्दल. ते शिकायला बसले तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते आणि त्या कामात अगदी बिगरीतली पोर. त्याच कामात राहू गावच्या एका मुलीचा डोळा माझ्या हातून जाता जाता वाचला. दोन वर्षं मनात घोळवलं, आता लिहून टाकते.

आधी मी कोण ते सांगते. शिरूरला मिशनच्या आवारात वाढले, आयटीआय केलं आणि कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कारखान्यात तपासणीला लागले. पितळी बुश, पिना, नळ्या असला माल निघायचा. मी गेज इन्स्पेक्टर. गेज म्हणजे मापाचा पक्का नमुना. भोकाचं गेज असेल तर त्याला दोन टोकं असतात. 'गो' टोक आत गेलंच पाहिजे, 'नो-गो' टोक जाताच कामा नये. झालं, एवढंच शास्त्र. पण एवढ्यावर माणसं माझ्याशी वर्षवर्ष बोलायची नाहीत. मागनं मला 'नोगोबाई' म्हणायचे. मला ऐकू यायचं, मी ऐकू न आल्यासारखं करायचे.

बिहारचा एक सेटर होता, मशीन लावून देणारा, रामाश्रय. हाताला गुण होता त्याच्या, पण घाई फार. एकदा म्हणाला, "मैडम, बाल बराबर फरक है, जाने दो ना." मी म्हटलं, "आण तुझा बाल." बिचाऱ्यानं खरंच डोक्यावरचा केस उपटून दिला. मायक्रोमीटरमध्ये धरला, सात शतांश मिलिमीटर भरला. मी म्हटलं, "आपल्याला सूट आहे दोन शतांशाची. तुझा बाल साडेतीन वेळा रिजेक्ट." तो लॉट लाल डब्यात गेला. दुसऱ्या एका लॉटमध्ये तडा गेलेला बुश सापडला तेव्हा मॅनेजर वरून खाली आले, म्हणाले चांगले चांगले निवडून घ्या की. मी म्हटलं, "तडा गेलेला एक मला दिसला साहेब. न दिसलेले किती, ते तुम्ही सांगा." लॉटमध्ये एक तडा सापडला की अख्खा लॉट बाद, हा माझा नियम. त्यात मी कधी कुणाची भीड ठेवली नाही. आता वाटतं, दुसऱ्याचा माल बाद करायला असं काय मोठं काळीज लागतं?

दुसरी एक गोष्ट सांगून ठेवते. दर सहा महिन्यांनी आम्ही खुद्द गेजचंही माप तपासायचो. वापरून वापरून गेज झिजतं आणि झिजलेलं गेज खोटं बोलतं. पास झालं तर हिरवं स्टिकर, नापास झालं तर लाल: 'वापरू नये'. त्याचं रजिस्टर माझ्याकडं. आणि मापाच्या यंत्राआधी मी बोट फिरवायचे. बोटाच्या टोकाला एवढीशी कड, एवढासा ओरखडा लागला की कळायचं. पोरं पैजा लावायची माझ्या बोटांवर. मीही लावून घ्यायचे. गर्व होता हो, का नसावा?

निवृत्त झाले आणि घर खायला उठलं. आमचे हे, शिमोन, एसटीत कंडक्टर होते, ते माझ्याआधीच घरी बसलेले. दोन रिकामी माणसं एका स्वयंपाकघरात म्हणजे भांडणाला निमित्तच नको. तेवढ्यात सुभेदार आले. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी शिरूरच्या माळावर छोटा रायफल क्लब काढला होता. म्हणाले, "ताई, मापाचं काम हाय. तुमच्यासारखं माणूस पायजे." मला तेवढंच हवं होतं.

काम असं. रायफलीच्या काडतुसाचं जे पितळी कवच असतं, त्याला पुंगळी म्हणतात. गोळी सुटून गेली की रिकामी पुंगळी मागं राहते. चांगली पुंगळी परदेशातून येते, महिनोन्‌महिने वाट बघावी लागते, म्हणून स्पर्धेचे नेमबाज तीच पुन्हा वापरतात. परवाना क्लबाचा. दारू आणि गोळी भरायचं काम सुभेदारांचं, कुलपाच्या खोलीत. त्यातलं मला काही कळत नाही आणि मी विचारतही नाही. माझं काम फक्त रिकाम्या पुंगळीचं.

पुंगळीला माणसासारखे अवयव असतात. खाली बूड, मग अंग, वर उतरता खांदा, मग मान आणि तोंड. रायफलीत ती ज्या पोकळीत बसते त्याला चेंबर म्हणतात, मी घर म्हणते. गोळी उडते तेव्हा आतल्या दाबानं पितळ फुगतं आणि घराच्या भिंतींना जाऊन भिडतं. बाहेर येते ती पुंगळी सुजलेली. तिला पुन्हा मापात आणायचं म्हणजे हाताच्या प्रेसनं एका पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबायची. कासार बांगड्या भरतो ना, अगदी तसं. तो हाताला साबण लावतो, आम्ही पुंगळीला वंगण लावतो. वंगण कमी पडलं की पुंगळी डायमध्ये रुतून बसते, जास्त झालं की खांद्यावर पोचा पडतो. पहिल्याच दिवशी मी एक अशी रुतवली की हँडल ना वर जाईना ना खाली. सुभेदार मिशीत हसले. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी जेवणच गेलं नाही.

सगळ्यात नाजूक माप बुडापासून खांद्यापर्यंतचं. दाबताना खांदा मागं सरकतो. तो किती सारायचा, हाच सगळा प्रश्न. क्लबाच्या पेटीत त्या मापाचं एक गेज होतं, चकचकीत, कागदावरच्या ड्रॉइंगनुसार पक्कं. आता मला गेज दाखवलं की दुसरं काय दिसणार? माझ्यासाठी ड्रॉइंग म्हणजे पवित्र शास्त्रच. रायफलीतून निघालेली पुंगळी गेजपेक्षा वीस शतांश लांब भरत होती. मी डाय थोडी थोडी खाली घेत गेले आणि दोनशेच्या दोनशे पुंगळ्या तंतोतंत गेजला आणून ठेवल्या. ओळीनं उभ्या केल्या तर सुभेदार म्हणाले, "वा ताई, एकदम परेड!" मी फुगले. चूक तिथंच झाली, आणि ती माझ्यासारखीच कारखान्यातली बाई करू शकते. नवखा अडाणी माणूस घाबरून कमी दाबतो.

मला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. खुटबावचे एक आप्पा होते, सत्तरीच्या पुढचे. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची जुनी बंदूक होती त्यांच्याकडं. पावसाळ्यात ओल लागून फुगलेली काडतुसं धोतराच्या सोग्यात बांधून एक दिवस क्लबावर आले. म्हणाले, "बाई, तुम्ही दाबून देता म्हनं. येवढी दाबून द्या." मी कपाळाला हात लावला. भरलेलं काडतूस दाबायचं म्हणजे घराला आग लावून शेकत बसायचं! त्यांना बसवून चहा दिला, ती काडतुसं सुभेदारांच्या ताब्यात जमा करायला लावली. जाताना आप्पा माझ्या टेबलाशी थांबले. गेज हातात घेऊन म्हणाले, "ह्ये काय?"

"माप आहे आप्पा. ह्या मापाला सगळ्या पुंगळ्या आणायच्या."

"आन् बंदूक? तिचं माप घेतलं का न्हाई?"

"बंदुकीचं कशाला? हे पक्कं माप आहे."

"आवं बाई, जोडा शिवायचा तर पाय मोजत्यात. जोड्याचं चित्र मोजून काय उपेग?"

मी हसले. ते गेल्यावर ह्यांनाही नक्कल करून दाखवली. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

त्या दोनशे पुंगळ्या ऋतुजाच्या. ती राहूची, वीस वर्षांची, घरी ऊस, आणि हिला नाद रायफलीचा. स्कूटीवरून पारगावचा पूल ओलांडून शिरूरला यायची. बोलायला फटकळ, पण एकदा पालथी झोपून रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकला की तासभर हलायची नाही. ज्युनियर गटातलं तिचं शेवटचं वर्ष होतं. त्या वर्षी राज्याच्या निवड चाचणीत आली असती तर पुढची दारं उघडणार होती, नाहीतर एकदम मोठ्या, मुरलेल्या नेमबाजांत जाऊन पडणार होती. तिच्याकडं रायफल होती ती क्लबाचीच, जुनी. पुंगळ्या होत्या त्याच दोनशे.

दर वेळी सराव झाला की पुंगळ्या माझ्याकडं येत. मी दाबायचे, मोजायचे, मग आतून तपासायचे. त्याला सुभेदारांनी एक बारीक तार दिली होती, टोकाला काटकोनात वाकवलेली. ती पुंगळीत घालून बुडाकडून वर ओढायची. पितळ आतून कुठं पातळ झालं असेल तर तिथं खाच असते आणि तार अडकते. डोळ्यांना ते दिसत नाही, बोटांनाच कळतं. म्हणून तर सुभेदारांनी मला बोलावलं होतं.

ऋतुजा विचारायची, "मावशी, आतनं बघितल्या ना?"

"बघितल्या."

"मंग मला बघायची गरज न्हाई."

असं चार वेळा झालं. चारही वेळा मी 'बघितल्या' म्हणाले.

आता जे सांगायचं ते सांगते. मला साखर आहे. त्याआधी दीडेक वर्षापासून बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या. तव्याचा चटका उशिरा कळायचा. सुईत दोरा ओवताना दोरा हातात आहे की नाही हे बघून ठरवावं लागायचं. मी म्हणायचे थंडी आहे. उन्हाळ्यात म्हणायचे वय आहे. डॉक्टरांनी विचारलं, बोटं बधिर होतात का? मी नाही म्हणाले. खोटं बोलले. का बोलले? बोटं गेली तर मग नोगोबाई म्हणून उरतं काय, ही भीती होती. दुसरं कारण नाही.

चाचणी रविवारी होती. शुक्रवारी सकाळी सुभेदार आणि ऋतुजा सत्तर काडतुसं घेऊन दौंडच्या अलीकडच्या लांब पल्ल्याच्या रेंजवर गेले. दहा सरावाला, साठ चाचणीला. फायरिंग चार वाजता. मी क्लबावर उरलेल्या एकशेतीस पुंगळ्या पुसून डब्यात भरत बसले होते. दोनच्या सुमाराला हे माझा डबा घेऊन आले. मी भाकरी खात होते आणि हे बसल्या बसल्या चाळा म्हणून ती तार एका पुंगळीत घालून फिरवत होते.

"अगं, हे आत कडेसारखं काय लागतंय?"

"काही नाही. ठेवा ते खाली. खेळणं नाही."

"खेळत न्हाई. अडकतंय इथं. बुडाच्या जरा वर."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"पस्तीस वर्षं तिकिटं फाडली मी," हे म्हणाले, "दोन तिकिटं चिकटली तर अंधारात बोटाला कळायचं. अडकतंय म्हणतो तर बघ की."

मी हात पुसून पुंगळी घेतली. तार घातली, ओढली. गुळगुळीत. पुन्हा ओढली. गुळगुळीत. डाव्या हातानं ओढली. काहीच नाही. ह्यांच्याकडं दिली. ह्यांनी डोळे मिटून ओढली आणि तार एका जागी टचकन थांबली. मला दिसलं तार थांबलेली. नुसतं दिसलं. बोटांना नाही लागलं.

उठले, ती पुंगळी व्हाइसच्या पकडीत धरली आणि करवतीनं उभी चिरली. अर्धी ह्यांनी चिरून दिली. दोन फाका वेगळ्या झाल्या. आत, बुडाच्या जरा वर, एक चमकदार रेघ गोल फिरलेली. त्या जागी पितळाची भिंत निम्मीसुद्धा उरली नव्हती.

एका क्षणात सगळं डोळ्यांपुढं आलं. ऋतुजाच्या जुन्या रायफलीचं घरच लांब होतं. पुंगळी त्या घराच्या मापाची होऊन बाहेर येत होती, म्हणजे खांदा जेमतेम पाच शतांश मागं सारला असता तरी पुरे होतं. मी तो प्रत्येक वेळी वीस शतांश सारला, का, तर गेजला जुळावा म्हणून. मग प्रत्येक गोळीला पितळ पुन्हा तेवढंच ताणलं जायचं, आणि ताणलं जायचं ते नेमकं बुडाजवळ. चार वेळा ताणलं. पाचव्यांदा बूड तुटून वेगळं झालं तर आतला जाळ मागं येतो. आणि मागं कोण असतं? दस्त्यावर गाल टेकलेली ऋतुजा.

मी म्हणाले, "अहो, माझी बोटं मेलीत." हे स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर पडले.

सुभेदारांना फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाहीत. रेंजवर फोन जीपमध्ये ठेवायचा, त्यांचाच नियम. ऋतुजाचा लावला, बंद. तिच्या घरी लावला. वडील शेतावर, आईनं उचलला, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीनं म्हणाली, "सलाम मावशी, काय काम काढलं?" त्या माउलीला काय सांगू? म्हटलं, "ऋतुजाचा फोन आला तर म्हणावं, थांब."

"नुसतं थांब?"

"नुसतं थांब."

"बरं," म्हणाली, आणि मग जरा थांबून, "मावशी, समदं ठीक हाय ना?" मी हो म्हणून फोन ठेवला. दुसरं खोटं.

शिरूर ते ती रेंज म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर. न्हावऱ्याला येईपर्यंत सव्वातीन झाले. मागं बसून मी दर दोन मिनिटांनी फोन लावत होते. पुढं उसाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन दोन ट्रॉल्या, त्यांना ओलांडायला जागा नाही. पारगावच्या पुलावर तर एक ट्रॉली पंक्चर होऊन आडवी. मी उतरले आणि ड्रायव्हरवर अशी ओरडले की तो बिचारा म्हणाला, "मावशी, मी काय हौसेनं पंक्चर केलंय व्हय?" ह्यांनी स्कूटर कठड्याला घासून काढली. हे कधी चाळिसाच्या वर न जाणारे गृहस्थ. त्या दिवशी एसटीतल्यासारखे एकेक गाव मोठ्यानं म्हणत होते. "चौफुला... वरवंड... पाटस..." मला धीर यावा म्हणून म्हणत होते की स्वतःला, देव जाणे. मी प्रार्थना करत होते, पण शब्द सुचत नव्हते. 'आत्ता नको, आत्ता नको' एवढंच.

माळाच्या वळणावर आलो तेव्हा चार वाजून गेले होते. लांब काठीवर लाल निशाण वर गेलेलं दिसलं. म्हणजे फायरिंग चालू. स्कूटर थांबली आणि पहिला आवाज ऐकू आला.

आवाज आला की जीव भांड्यात पडायचा, कारण नेहमीसारखाच होता, म्हणजे पोरगी धड आहे. आणि लगेच पुढचा घोर लागायचा. ऋतुजा दोन गोळ्यांत बराच वेळ घेते. तो वेळ मी त्या दिवशी जसा भोगला, तसा वैऱ्यावरही येऊ नये. तारेच्या कुंपणापासून फायरिंगच्या जागेपर्यंत चांगलं दोनशे पावलांचं अंतर. पायात गोळे आले तरी पळत होते. दुसरा आवाज झाला. रेंजवर एक नियम असतो. 'थांब' म्हणायचा हक्क तिथं कुणालाही असतो, चहा आणणाऱ्यालासुद्धा, आणि तो ऐकला की कारण न विचारता थांबायचं. मी सगळा जीव गळ्यात आणून ओरडले, "थांब! थांब गं ऋतुजा, थांब!"

सुभेदारांनी हात वर केला. ऋतुजानं रायफलीचा बोल्ट मागं ओढून उघडला आणि मान वळवली. दोन्ही डोळे होते. मी तिथंच मातीत बसले.

सात गोळ्या झाल्या होत्या. सात पुंगळ्या चटईवर पडलेल्या. सुभेदारांनी एकेक उचलून बघितली आणि सहावी माझ्यापुढं धरली. बुडाच्या वर केसासारखा काळा तडा, निम्म्या घेराला.

ऋतुजा गाल चोळत म्हणाली, "मगाशी एकदा गरम झुळूक आली गालाला. मला वाटलं, ऊन हाय." तिच्या गालावर, डोळ्याच्या खाली दोन बोटांवर, काजळीचा तिळाएवढा ठिपका होता.

मी सगळं सांगितलं. पदरातून त्या दोन फाका काढून दाखवल्या. गेजचं सांगितलं, आप्पा काय म्हणाले होते तेही सांगितलं. सुभेदार मधेच म्हणाले, "ताई, चूक माझी बी हाय. रायफल मी मोजून द्यायला पायजे हुती." मी म्हटलं, "तुमची तुम्ही बघा. मला माझी सांगू द्या."

ऋतुजा म्हणाली, "मावशी, राहिलेली त्रेसष्ट हायेत. त्यातली चांगली निवडू. तुम्ही सांगा कशी निवडायची."

"गोळी बसलेल्या पुंगळीत तार जात नाही गं. आतलं कळायला मार्ग नाही."

"सातातली एकच फुटली ना?"

मॅनेजरसाहेबांना दिलेलं उत्तर जिभेवर आलं. पण हे माझं स्वतःचं काम होतं, आणि समोर मॅनेजर नव्हता. "लॉट बाद आहे, बाळा. अख्खा."

"माझं शेवटचं वर्ष हाय, मावशी."

"माहितीय मला."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. रायफल पुसून पेटीत ठेवायला तिनं नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेतला. मग पेटीचं झाकण लावून माझ्याकडं न बघता म्हणाली, "बोटांना कळत न्हाई, हे तुम्हाला कवापासून ठावं हुतं?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष," ती म्हणाली. "आन् मी दर बारीला इचारत हुते."

रविवारी चाचणी झाली. ऋतुजा गेली नाही. मी मिशनच्या देवळात गेले, पण उपदेश काय झाला तो आठवत नाही. सोमवारी क्लबाची किल्ली सुभेदारांना देऊन आले, आणि डॉक्टरांकडं जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, आधी सांगितलं असतंत तर इतकं वाढलं नसतं. गेलेलं परत येईलच असं नाही, उरलेलं सांभाळा. मधे एकदा खुटबावला जाऊन आप्पांनाही सांगून आले. ते जराही हसले नाहीत. म्हणाले, "पोरगी वाचली न्हवं? मंग च्या घ्या."

चार महिने ऋतुजाचा फोन नाही, भेट नाही. मीही केला नाही. काय तोंडानं करणार? स्कूटीचा आवाज आला की दारात जायचे, दूधवाला असायचा.

मग एका सकाळी सुभेदारांचा निरोप आला, क्लबावर या. गेले तर ऋतुजा माझ्या टेबलाशी बसलेली. समोर नव्या पुंगळ्यांची पेटी, त्यातल्या वीस नुकत्याच तिच्या रायफलीतून उडवून आणलेल्या. तिनं सलाम केला नाही, बसा म्हणाली नाही. नुसतं विचारलं, "आदी काय मोजायचं?"

"तुझ्या रायफलीतून निघालेली पुंगळी. गेज ठेव बाजूला."

तिनं डायलखाली, म्हणजे काट्याच्या मापकाखाली, धरून मोजली. मी आकडा वाचला, तिला वाचायला लावला. डाय वर घेतली, एक दाबली, मोजली, जरा खाली घेतली, पुन्हा मोजली. पाच शतांशावर आल्यावर मी म्हणाले, "पुरे." मग जुन्या बाद लॉटमधली एक पुंगळी काढून तिला तार दिली. तिनं डोळे मिटले, ओढली, आणि तार अडकली तशी तिची भुवई वर गेली.

"ह्ये?"

"हे."

तिनं त्या लॉटमधल्या दहा-बारा ओढून बघितल्या. अडकतात कशा, हे बोटांत बसेपर्यंत थांबली नाही. मी शेजारी बसून चष्म्यातून डायल वाचत होते. तेवढं मला अजून जमतं. दोन तास आमच्यात फक्त आकडे चालले.

उठताना तिनं टेबलाच्या खणातून एक वही काढली. कारखान्यातल्यासारखं क्लबाच्या गेजचंही रजिस्टर ठेवायचं, हे मीच तिला पूर्वी शिकवलं होतं. तिनं नवीन पान उघडून काहीतरी लिहिलं आणि वही माझ्यापुढं सरकवली. एक, खांद्याचं गेज: 'फक्त तुलनेसाठी'. दोन, डायल: 'चालू'. तीन, एस्तेरमावशीचे डोळे: 'चालू, सहा महिन्यांनी तपासणे'. चार, एस्तेरमावशीची बोटं. त्याच्यापुढं तिनं लाल पेनानं लिहिलं होतं: 'वापरू नये'.

"राग आला का?" तिनं विचारलं. चार महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या डोळ्यांकडं बघत होती.

मी मान हलवून नाही म्हटलं. शेवटच्या रकान्यात इन्स्पेक्टरच्या सहीची जागा तिनं मोकळी सोडली होती. पेन बोटांत नीट धरलंय का ते बघून घेतलं, आणि सही केली.